पदराच्या गाठीतला फ्यूज

बुद्धपौर्णिमेनंतरचा रविवार. हजर: आई, बाबा, मिलिंददादा आणि मी, शेजारच्या सखूआत्या, ठाण्याहून दादाच्या कंपनीचे मालक, ज्यांना सगळे नुसतं ‘सर’ म्हणत, त्यांच्याबरोबर मुंबईचे दोन पाहुणे आणि एक फोटोग्राफर, शिवाय विहारापुढच्या मंडपात मावेल तेवढं गाव. गैरहजर: आत्याचा मुलगा जगू, मस्कतला. ही हजेरी मी आज लिहिते आहे. त्या दिवशी माझ्या हातात दुसरी यादी होती, सतरंज्या कोणी आणायच्या, माइक कोणाकडचा, पाहुण्यांना आधी पाणी की आधी फुलं. शाळेच्या कार्यालयात आयुष्य गेल्यामुळे मला हजेरीशिवाय काही सुरू करता येत नाही. कोण होतं ते एकदा मांडलं की कोणी काय केलं ते सांगायला सोपं जातं.

आमचं गाव खडवलीला उतरून नदीपलीकडे, थोडं आत. घर उंचवट्यावर, विहाराला लागून. सगळं कौलारू, फक्त स्वयंपाकघर आणि मोरी यांच्यावर बाबांनी हौसेने घातलेला एक स्लॅब. बाबा वागळे इस्टेटमध्ये कारखान्यात होते आणि तिकडची सिमेंटची घरं पाहून त्यांना निदान एवढा तुकडा तरी पक्का हवा होता. बाबांचा म्हणून घातलेला तो स्लॅब वर्षभरात आईचा झाला. चिंचा, मिरच्या, सुकट, सांडगे, जे वाळवायचं ते तिथे. उन्हाळ्यात पहाटे वरून सोऱ्याची कुरकुर ऐकू यायची आणि ती ऐकतच आम्ही जागे व्हायचो. खाली चुलीवर तांदळाच्या भाकरीचा वास, वर चिकाचा आंबूस वास, आणि नदीवरून येणारी गाडीची शिटी. अजूनही डोंबिवलीत कुणाच्या गच्चीवर कुरडया दिसल्या की माझा पाय क्षणभर थांबतो. मी स्वतः घालत नाही. विकतच्या आणते.

दादा आयटीआय करून ठाण्यात सरांच्या वर्कशॉपला लागला होता. केबल टीव्हीसाठी लागणारे डबे तिथे जोडत. मग इंटरनेटचं वारं आलं आणि सरांनी पाटी बदलली. गावात तेव्हा टेलिफोनसुद्धा नव्हता. अर्ज केलेले, खांब आलेले, तार आलेली नव्हती. फोन करायचा तर खडवलीच्या बूथवर जायचं. एका शनिवारी दादा घरी आला आणि जेवताना त्याने ताट उभं धरून आम्हाला समजावलं, “तार लागतच नाही. आपल्या स्लॅबवर खांब, खांबावर जाळीची ताटली. कल्याणला उंच बिल्डिंगवर दुसरी ताटली. ह्या दोघी एकमेकींकडे बघत राहणार. बस्स. खाली विहाराच्या वाचनालयात कॉम्प्युटर, त्यात सगळं जग.” आई म्हणाली, “ताट खाली ठेव, आमटी सांडेल.” बाबांनी सोमवारी कारखान्यात दहा जणांना सांगितलं असणार. मी कल्याणला कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. केंद्र माझ्या ताब्यात असेल असं दादाने जाहीर केलं आणि मला रात्रभर झोप आली नाही. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. त्याने सांगितलेली गोष्ट पुन्हा तपासायची असते हे मला माहीत नव्हतं.

खांब आला, ताटली आली. ताटली चालवणारा डबा आमच्या माळ्यावर बसला, कारण त्याला वीज आमच्या मीटरवरून होती. कॉम्प्युटरला विहाराच्या मीटरवरून. स्लॅबवर खांब आल्याबरोबर आईने आपला कायदा लावला. मागे एकदा टीव्हीच्या अँटेनाचा तिला झटका बसला होता. तेव्हापासून वर काही विजेचं असलं तर ती वर जाण्याआधी त्या लाइनचा खालचा चिनी मातीचा फ्यूज उपटून काढी आणि पदराच्या टोकाला गाठ मारून सोबत नेई. दादा म्हणायचा, “अगं, बटण आहे ना. बटण बंद कर.” तिचं उत्तर ठरलेलं होतं, “बटण कोणीपण दाबतं. फ्यूज माझ्या पदरात असल्यावर कोण काय करणार?” पुढे मी कार्यालयात सुरक्षिततेच्या सूचनांचे कागद टाइप केले, त्यांत हेच पानभर लिहिलेलं असे.

आता सखूआत्या. त्या बाबांच्या चुलत बहीण, विधवा, आमच्या ओट्यासमोर त्यांचा ओटा. संध्याकाळचा चहा त्या आमच्याकडेच घेत, गवती चहाची पात घरून आणत. जगू मस्कतला वेल्डर म्हणून गेला होता. दर महिन्याला त्याचं पत्र यायचं आणि ते मी वाचून दाखवायचे. होळीपासून पत्र नव्हतं. आत्या आधी हसण्यावारी न्यायच्या, मग पोस्टमनवर चिडायच्या, मग चहा घेताना गप्प बसायला लागल्या. कल्याणच्या ज्या एजंटाने जगूला मस्कतला पाठवलं होतं त्याच्याकडे जाऊन बसायचं असं बाबांनी आणि त्यांनी ठरवलं. त्यासाठी बाबांनी उद्घाटनानंतरच्या सोमवारी रजा टाकली होती. माझ्या यादीत तेही होतं.

आणि कुरडया. उद्घाटनाची तारीख सरांनी तीन दिवस आधी कळवली. आईचा गहू तोपर्यंत भिजत पडला होता. गहू तीन दिवस भिजतो, वाटून चीक काढतात, रात्रभर निवळतो, पहाटे शिजवून घालावाच लागतो, नाहीतर आंबट होऊन फेकायची पाळी. मी म्हटलं, “आई, त्या दिवशी स्लॅबवर पसारा नको. पाहुणे खांब बघतील.” आई म्हणाली, “चीक पाहुण्यांसाठी थांबत नाही. त्यांना सांग, खांब वर बघा, खाली बघू नका.” तिने पहाटेच उठून सगळ्या कुरडया घातल्या, वरून जुनं धोतर टाकलं, आंघोळ केली, ठेवणीतली पांढरी साडी नेसली आणि कोंबडीच्या रश्श्याला लागली.

मी यादी घेऊन फिरत होते. दादा वाचनालयाच्या दारात, मंडपाकडे वळवून मांडलेल्या कॉम्प्युटरपुढे बसला होता. मी एकेक विचारत गेले. माइक? आला. हार? आले. “माळ्यावरचा डबा?” “चालू,” दादा म्हणाला. त्याने मान वर केली नाही. मी पुढच्या ओळीवर गेले.

कार्यक्रम फार छान झाला. हे मला आजही लिहावं लागतं, कारण तो खरंच छान झाला. वंदना झाली, बाबांचं दोन वाक्यांचं स्वागत झालं, सर बोलले. मग दादाने एक बटण दाबलं आणि स्पीकरमधून ती किरकिर, शिट्टी आणि खरखर आली, जी मी कल्याणच्या क्लासमध्ये रोज ऐकायचे. मी शेजारच्या बायकांना ऐटीत सांगितलं, “लागतंय बघा, लागतंय.” तो आवाज टेलिफोनच्या लाइनचा असतो आणि त्या खोलीत टेलिफोन नव्हता, हे मला तेव्हा सुचलं नाही. पडद्यावर हवामान आलं. रेल्वेचं वेळापत्रक आलं. मग जपानमधल्या बुद्धमूर्तीचं मोठं चित्र उघडलं आणि मंडपातल्या माणसांनी आपोआप हात जोडले. क्लासमध्ये असं चित्र वरून खाली पट्टी-पट्टीने यायचं, तोवर एक चहा व्हायचा. इथे ते एकदम आलं. मुंबईचे एक पाहुणे दुसऱ्याला म्हणाले, “काय स्पीड आहे.” मला वाटलं, आमच्या उंचवट्याचा गुण.

मग दादाने माइकवर विचारलं, “कोणाला लांब निरोप पाठवायचाय?” सगळ्यांनी आत्याकडे बघितलं. त्या उठायला तयार नव्हत्या. दादा स्वतः जाऊन त्यांना हाताला धरून घेऊन आला. “आत्या, जगूच्या कॅम्पात एकाचा पत्ता आहे माझ्याकडे. त्याच्यावर पाठवू. तुम्ही फक्त बोला.” मी टाइप करायला बसले. आत्या पडद्याकडे तोंड करून मोठ्याने बोलू लागल्या, जणू जगू पलीकडच्या बांधावर होता.

“जगू, कसा हायस? कागद का नाय तुझा? हिकडं सगळी बरी हाईत. तू दिलेली बॅटरी पेटत नाय, ती राहू दे. पैसं पण राहू दे. तू बरा हायस का नाय येवढंच सांग.”

मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. दादाने पाठवलं. चहा फिरला. पाहुण्यांनी चहा नको म्हटलं, आमचं झालंय म्हणाले, त्यांनी सोबत आणलेल्या बाटलीतलं पाणी घेतलं. आईचा रस्सा झाकलेलाच राहिला. आत्या हळूच म्हणाल्या, “पोट बिघडलं असंल त्यांचं,” आणि आईने त्यांच्याकडे न बघता पातेल्यावर दुसरं झाकण ठेवलं. एवढ्यात दादा ओरडला, “उत्तर आलं.” मी माइकवर वाचलं: आई, मी बरा आहे. कामामुळे पत्र लिहिता आलं नाही. काळजी करू नकोस. पावसाळा संपला की येतो. तुझा जगदीश.

मंडपात टाळ्या. आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. फोटोग्राफर तयारच होता. जरा वेळाने त्या हसत माझ्या कानाशी म्हणाल्या, “आई म्हनतो गं मला. जन्मात कधी म्हटलं नाय. बाय म्हनायचा. साहेबलोकांत ऱ्हाऊन सुधारला.” मीही हसले. आमच्या घरात मात्र आम्ही आईला आईच म्हणायचो.

पाहुणे ऊन चढायच्या आत गेले. सर दादाच्या पाठीवर थाप मारून गेले. रस्सा आम्हीच खाल्ला, आत्याही जेवल्या, दोनदा भात घेतला, आणि जाताना बाबांना म्हणाल्या, “भाऊ, उद्याची खेप कशाला आता? रजा वाया घालवू नको. पोरगा बरा हाय.” बाबांनी मान हलवली. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आई कुरडया उलटायला निघाली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवरून मला म्हणाली, “शैले, माझ्या पहाटेच्या साडीच्या पदरात फ्यूज राहिलाय बघ. मी खाली आले की आठवण कर, लावून टाकू. तुझ्या दादाचा डबा पहाटेपासून बंद आहे.”

मी विचारलं, “पहाटेपासून?”

“कुरडया घालायला चढले तेव्हा काढला. मग ह्या गडबडीत राहूनच गेला. कुणी मागितला पण नाही.”

साडी दोरीवर होती. पदराला गाठ होती. गाठ सोडली तर आत फ्यूज, त्याला चिकाचा सुकलेला थर. यादी करणाऱ्या माणसाचं डोकं अशा वेळी आपोआप ओळी लावत जातं. डबा बंद, तर ताटली बंद. ताटली बंद, तर हवामान कुठून आलं? चित्र कुठून आलं? एकेक प्रश्न मला सोसवत होता. शेवटची ओळ आली तेव्हा मी धावत वाचनालयात गेले.

दादा वायर गुंडाळत होता. मी त्याच्यापुढे फ्यूज धरला. त्याने तो पाहिला आणि हसला. ते हसणं मी विसरलेले नाही. पकडलं गेल्याचं नव्हतं, कंटाळल्याचं होतं.

“पानं आधीच भरून आणलेली,” तो म्हणाला. “सगळे तसंच करतात गं डेमोला. कल्याणच्या बिल्डिंगवाल्याने अजून परवानगी दिली नाही. तिकडे काहीच लावलेलं नाही. पाहुणे आज आलेले, पैसे घालायचे की नाही ते बघायला. मी काय त्यांना नुसता खांब दाखवू?”

“आणि जगूचं उत्तर?”

“तेपण.”

“कोणी लिहिलं?”

“कोणी म्हणजे? मीच. बरं वाटलं ना म्हातारीला? पंधरा दिवसांत खरं चालू होईल, मग खरं पाठवू.”

“त्यांनी उद्याचं एजंटाकडे जाणं रद्द केलं, दादा.”

त्याचे हात थांबले. हे त्याला माहीत नव्हतं, एवढं मी त्याच्या बाजूने लिहिते. मग तो पुन्हा वायर गुंडाळू लागला. “मी सांगतो आत्याला. तू मध्ये पडू नकोस. शनिवारी येतो तेव्हा मी स्वतः सांगतो.”

मी बाबांकडे गेले. बाबा ओट्यावर सायकलच्या चेनला तेल घालत होते. माझ्या मते त्या गावात खोटं न बोलणारा एकच माणूस होता आणि तो माझा बाप होता. मी सगळं सांगितलं. ते तेल घालत राहिले. मग म्हणाले, “सकाळी मला दिसलं होतं, फ्यूज नाही ते. मी मिलिंदला म्हटलं, आईकडून घेऊन लावतो. तो म्हणाला, राहू द्या, आज लागत नाही.”

“मग तुम्ही त्याला विचारलं नाहीत, कसं लागत नाही?”

“विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं,” बाबा म्हणाले. “नोकरी आहे त्याची, शैला. उत्तराचं मला माहीत नव्हतं. पण आता दोन दिवस थांब. त्याला सांगू दे.”

हे वाक्य मी आयुष्यात पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. म्हणून विचारलं नाही. बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या पुण्यतिथीला मी आठवणीने गावी जाते, फुलं वाहते, आणि तेलाची ती धार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी थांबले नाही. सोमवारी सकाळीच आत्यांच्या ओट्यावर गेले. त्या तांदूळ निवडत होत्या, गुणगुणत होत्या. मी सरळ सांगितलं, “आत्या, तो निरोप जगूचा नव्हता. दादाने लिहिला होता. एजंटाकडे जाऊया. मी येते.”

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग त्या म्हणाल्या, “मिलिंदनं? भरल्या विहारात? बुद्धाच्या चित्रापुढं?”

“हो.”

“ह्या हातांनी त्याला न्हाऊ घातलाय मी. तुझी आय बाळंतीण होती तवा. तो माझ्याशी खोटं बोलंल?” माझ्याकडे त्यांनी जे पाहिलं त्यात राग नव्हता, कीव होती. “तुमचं भावंडांचं काय बिनसलं असंल ते तुमच्यात ठेवा. नायतर मिलिंदला म्हनावं, हितं ये, ह्या ओट्यावर बस, आनि मला सांग. मग मी मानीन.”

शनिवारी दादा आला नाही. पुढच्या शनिवारी आला, पण मागच्या वाटेने, नदीकडून, आणि सकाळी तसाच गेला. मी ठाण्याला वर्कशॉपमध्ये जाऊन उभी राहिले तेव्हा म्हणाला, “कामात आहे गं. सांगतो म्हटलं ना.” मी एकटी एजंटाकडेही गेले. त्याने विचारलं, तुम्ही कोण, आईचा अंगठा आणा. आत्या यायला तयार नव्हत्या. त्यांच्याजवळ जगूचा निरोप होता.

श्रावणात कंपनीची माणसं येऊन ताटली आणि डबा काढून घेऊन गेली. दुरुस्तीला, असं सांगितलं. खांब राहिला. कॉम्प्युटरही गेला. वाचनालयात त्याचं टेबल उरलं, त्यावर मंडळाची भांडी ठेवू लागले. मी डोंबिवलीच्या शाळेत कारकुनाच्या जागेवर लागले.

दिवाळीच्या सुमारास जगू आला. कुबडी घेऊन. होळीच्या आधीच तो परांचीवरून पडला होता, मांडीचं हाड मोडून कॅम्पात पडून होता, पासपोर्ट ठेकेदाराकडे. तिकडे काम करणाऱ्या, मूळच्या कल्याणच्याच कुणा भल्या माणसाने खटपट करून त्याला विमानात बसवलं. हाड वाकडं जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. आत्यांनी त्याला चहा दिला आणि विचारलं, “तुझा निरोप आल्ता की रं, उन्हाळ्यात.” तो म्हणाला, “कसला निरोप, बाय?” मी तिथेच होते. आत्यांनी समोर आमच्या घराकडे पाहिलं, स्लॅबवरच्या रिकाम्या खांबाकडे. त्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाला त्या आल्या नाहीत. आई किती दिवस त्यांचा कप काढून ठेवायची.

घोडबंदर रोडला नव्या इमारती उभ्या राहिल्या तसं सरांना काम मिळत गेलं, आणि दादाला बढती. एकदा आईचं औषध पोचवायला मी त्याच्या ऑफिसात गेले तर दारातच मोठ्या चौकटीत फोटो. सखूआत्या, डोळ्यांना पदर, मागे कॉम्प्युटर. खाली छापलेलं, ‘अंतर संपलं’. दादा म्हणाला, “चांगला आलाय ना?” मी औषधाची पिशवी टेबलावर ठेवली आणि निघाले.

आता गावात सगळं आहे. जगूच्या दुकानात बसून मुलं मोबाइलवर जपानसुद्धा बघतात, आणि जगू त्यांना ओरडतो की गिऱ्हाइकाला वाट द्या. आत्या आहेत. नव्वदीच्या पुढे असतील, दिसत कमी, ऐकू चांगलं येतं. स्लॅबवर खांबही आहे. आईने त्याला कपड्यांची दोरी बांधली होती, ती मी बदलत असते. या बुद्धपौर्णिमेला दादा आला, आता त्याला गाडीतून उतरायला वेळ लागतो. वंदना झाली, जेवण झालं. गाडीपाशी मी म्हटलं, “दादा, आत्या ओट्यावर आहेत.” तो म्हणाला, “ट्रॅफिक लागेल गं. पुढच्या वेळी बसतो निवांत.” दार लागलं. समोरून आत्यांनी विचारलं, “शैले, कोन गेला? मिलिंद का?”

“हो, आत्या.”

“बरं,” त्या म्हणाल्या, आणि ओट्यावर बाजूला सरकल्या होत्या त्या पुन्हा मधोमध बसल्या.

दर जानेवारीत मी नवी डायरी काढते आणि जुन्या डायरीतली राहिलेली कामं तिच्यात उतरवते. पहिली ओळ पुष्कळ वर्षं तीच आहे. दादाला आत्यांच्या ओट्यावर नेणे.